अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी आउटफिटर (शिकारीची सोय करणारा व्यावसायिक) कसा निवडावा?

प्रश्न: ऑक्टोबरात पहिल्यांदाच जातोय. घोड्यांवरून वर, 10,000 फुटांच्या आसपास तंबू, पाच दिवस. दोन आउटफिटर हेरलेत. त्यातला एक 'एल्क मिळणारच' म्हणतो. पैसे भरण्याआधी काय विचारू?

उत्तर: 'मिळणारच' म्हणणाऱ्याला आधी बाजूला काढा. रानातल्या जनावराची हमी कुणी देऊ शकत नाही. कोलोरॅडोत आउटफिटरची राज्याकडे नोंदणी लागते, ती स्वतः तपासा. जागा नॅशनल फॉरेस्टमध्ये असेल तर वन खात्याचा परवानाही बघायला मागा.

आणि मांस खाली कोण आणणार, हे स्पष्ट विचारा. आमच्या वेळी 'घोडे आहेत' एवढंच सांगितलं होतं. नर पडला तो घळीच्या तळाशी, आणि घोडे दुसऱ्या कॅम्पवर. मागची एकेक तंगडी तीसेक किलोची. रात्री दोनपर्यंत आम्ही दोघं टॉर्चच्या उजेडात पाठीवर वाहत होतो. मांसाच्या पिशवीतून रक्त झिरपून शर्ट पाठीला चिकटला होता. हाडाजवळची ऊब लवकर निघाली नाही तर मांस नासतं, त्या जिवाचं तसं व्हावं हे मला सहन होत नाही.

उत्तर २: आउटफिटरकडे त्याच्यासोबत जाऊन रिकाम्या हाताने परतलेल्या दोघांचे नंबर मागा. खरं काय ते तेच सांगतील. वायोमिंगचा विचार असेल तर तिथल्या विल्डरनेस (कायद्याने राखलेल्या रानाच्या) भागात बाहेरच्या राज्यातल्यांना गाईड किंवा स्थानिक रहिवाशाची सोबत सक्तीची आहे.

प्रश्नकर्ता: आभार! घोड्यांचं आजच विचारतो.