हुकमाने बदल होतो का? ओटीतल्या एका कागदावरून

ओटी_सिस्टर:
मी बडोद्यातल्या एका खासगी रुग्णालयात एकवीस वर्षं ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, सिस्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढलेली १९ कलमांची सुरक्षा यादी आमच्याकडेही आहे. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी अशी तीनदा थांबून ती मोठ्याने वाचायची असते. पण वाचत कोणी नाही. सकाळीच दिवसभराच्या सगळ्या फॉर्मांवर टिका मारून ठेवतात.

गेल्या महिन्यात जांघेतल्या हर्नियाची केस होती. 'बाजूची खूण केली' यापुढे टिक होती, अंगावर खूण नव्हती. पेशंटला भूल चढलेली, उजवीकडे बीटाडीन लावून झालेलं. मी विचारलं, "सर, उजवी ना?" उत्तर आलं, "सिस्टर, ग्लोव्हज द्या." मी केसपेपर उघडला. डावी होती. मग मी मोठ्याने 'डावी' म्हणाले तेव्हा सगळे थांबले. संध्याकाळपर्यंत माझे हात थरथरत होते.

यावर व्यवस्थापनाने परिपत्रक काढलं की आता फॉर्मवर दोन सह्या हव्यात. माझं म्हणणं, अशाने काही बदलत नाही. ओटीत सगळ्यात खालच्या माणसाला 'थांबा' म्हणता आलं, तरच बदलेल. तुम्हाला काय वाटतं?

रावपुऱ्याचे_गुरुजी:
ताई, तुम्ही पेशंटला वाचवलंत, पण तुमचं म्हणणं मला पटत नाही. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली प्रांतातल्या दहा गावांत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. आमची पणजी शाळेत गेली ती त्या दंडाच्या धाकाने. पणजोबांचं मन वळेपर्यंत महाराज थांबले असते, तर ती पाटीला हात न लावता सासरी गेली असती. आधी हुकूम हवा, मनं मागाहून वळतात.

कमाटीबाग:
गुरुजी, त्याच महाराजांचं, तेच बडोदं. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशात शिकून इथे नोकरीवर आले, तेव्हा कचेरीत कारकून त्यांच्याकडे फायली लांबून टाकत. राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे. ते शेवटी कमाटीबागेत जाऊन बसले. नेमणूक महाराजांची होती. ती कचेरीतल्या टेबलापर्यंतही पोहोचली नाही.

रावपुऱ्याचे_गुरुजी:
ते मी नाकारत नाही, आणि बडोदेकर म्हणून मला त्याची लाज वाटते. पण १९१३ मध्ये कोलंबियाला जायला त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, तीही महाराजांच्याच हुकमाने. ती द्यायची की नाही हे त्या कारकुनांना विचारून ठरवलं असतं तर?

कमाटीबाग:
मान्य. पण अंत्यज, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळांचं आठवा. हुकूम होता, पैसा होता, सवर्ण मास्तर शिकवायला तयार नव्हते. मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक शोधून आणावे लागले, १९०८ मध्ये पंडित आत्मारामांना पंजाबातून बोलावलं. मुलाच्या शेजारी बसून शिकवणारा माणूस मिळाला, तेव्हा कुठे शाळा चालल्या.

टेबलावरून:
मी सर्जन आहे, ताईंच्या रुग्णालयातला नाही. ही यादी २००९ मध्ये आठ शहरांत तपासली, दिल्लीही त्यात होतं. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. मग कॅनडातल्या ओंटारिओत १०१ रुग्णालयांना ती लागू केली आणि २०१४ मध्ये आकडे आले तेव्हा फरक जवळजवळ दिसलाच नाही. यादी तीच. म्हणून म्हणतो, सक्तीने फक्त कागद वाढतो. जमलेल्या टीमला कागद लागत नाही. आणि प्रत्येकजण 'थांबा' म्हणू लागला तर पेशंटला भुलेत किती वेळ ठेवायचं? त्यालाही धोका असतो.

ओटी_सिस्टर:
डॉक्टर, तुमचेच आकडे माझ्या बाजूने बोलतात. कागद तोच असून फरक पडला, म्हणजे तो पोहोचवला कसा यातच सगळं आलं. यादीत एक कलम आहे, प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकवीस वर्षांत मला ओटीत 'सिस्टर' शिवाय कोणी हाक मारलेली नाही. त्या दिवशी माझं नाव घेऊन कोणी काम सांगितलं असतं, तर माझा पहिला प्रश्न हवेत गेला नसता. आणि सगळं वाचायला जेमतेम दोन मिनिटं लागतात.

फतेहगंज_प्रयोगशाळा:
हुकूम आणि माणसं यांत पुराव्याला कोणी धरलंच नाही. पण तोही एकटा पुरत नाही. व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. आधीच्या वर्षी त्याच्या विभागात शंभरात अकरा बाळंतिणी दगावत होत्या, १८४८ मध्ये शंभरात एक-सव्वा. तरी वरिष्ठांना पटलं नाही, कारण हाताला काय चिकटतं हे त्याला सांगता येत नव्हतं. तो १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला. पाश्चरचे जंतू पुढे आले, १८६७ मध्ये लिस्टर या सर्जनने जखमांवर जंतुनाशक कार्बोलिक वापरल्याचे निकाल छापले, तेव्हा वारं फिरलं. कारण कळलं की विज्ञान बदलतं, त्याला वेळ द्यावा लागतो.

रावपुऱ्याचे_गुरुजी:
आणि त्या वीस वर्षांतल्या बाळंतिणी? त्यांच्यासाठी कोणी हुकूम काढला असता तर मी त्याला जुलूम म्हटलं नसतं.

ओटी_सिस्टर:
गुरुजी, या तुमच्या ओळीवर मी कालपासून अडले आहे.

इन्चार्जला विचारून सोमवारपासून मी एकच गोष्ट सुरू केली. यादी वाचून होईपर्यंत ब्लेड माझ्या ट्रेवरच ठेवते, हातात देत नाही. पहिल्या दिवशी सरांनी हात पुढे केला, मी वाचत राहिले, हात तसाच थांबला. तीन दिवस माझ्या टेबलावर हे चाललं. शेजारच्या ओटीत मात्र धाकट्या सिस्टरने हात पुढे येताच ब्लेड देऊन टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, तुम्ही पर्मनंट आहात. मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे."

तिला माझा धीर देऊन भागणार नाही. 'वाचन होईपर्यंत ब्लेड न देणाऱ्या सिस्टरवर कारवाई होणार नाही' असं लेखी मागणारा अर्ज मी आज लिहिला आहे. डॉक्टर, तुमच्याकडे असा कागद कोणी काढला असेल तर त्याचा मसुदा इथे टाका.