अनुभव धागा : दारूचं दुकान आणि गावाचं मत

बेळगाव तालुक्यातल्या बाचीतून पुढं महाराष्ट्रातल्या शिनोळीत गेलं की कायदा बदलतो. तिकडं, म्हणजे चंदगड तालुक्यात, गावातलं दारू दुकान बायकांना मत देऊन बंद करता येतं. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली, आडवी बाटली. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद.

इकडं बेळगाव, खानापूर, निपाणीत भाषा तीच, सोयरीक तीच, पण हे मत नाही. कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून साराई, म्हणजे पाकिटातली स्वस्त दारू, बंद झाली, ती सरकारच्या निर्णयानं. बाकी दुकानांबद्दल ग्रामसभेनं ठराव करायचा, निवेदन द्यायचं आणि वाट बघत बसायचं. हे मत आमच्या बायकांनाही मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढलाय. ज्यांनी सह्या गोळा केल्या, ठराव मांडले, मतदान जवळून बघितलं, त्यांनी लिहा. दुकानात काम करणाऱ्यांनीही लिहा. गावाचं नाव नाही दिलं तरी चालेल, काय घडलं ते मात्र सगळं सांगा.

माहेर खानापूर, सासर चंदगड तालुका

आमच्या गावात देशी दारूचं दुकान एसटी स्टँडला लागूनच होतं. शाळेच्या पोरी संध्याकाळी एसटीतून उतरल्या की घोळक्यानंच घरी यायच्या, एकटी कुणी यायची नाही. बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि सह्या सुरू झाल्या.

सह्या मिळाल्या सहज, त्या टिकवणं अवघड गेलं. पडताळणीला साहेब आले आणि एकेकीला विचारायला लागले, ही सही तुमचीच काय? काहींचे नवरे दारात उभे. दोघी-तिघींनी त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हटलं. त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. रात्री त्याच घरात झोपायचं असतं.

खरा घोळ यादीचा. झालेल्या मतांवर निकाल लागत नाही, यादीतल्या सगळ्या नावांवर लागतो. समजा यादीत 1000 बायका आहेत. 600 आल्या आणि त्यातल्या 480 जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहणार, कारण 501 पाहिजेत. मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या पण नाव कमी केलं नाही अशा, वारलेल्याही, सगळ्यांची नावं उभ्या बाटलीच्या बाजूला पडल्यासारखीच. म्हणून दुकानवाल्याला मतं मागत फिरायची गरजच नव्हती, बायका बूथवर पोचल्या नाहीत की त्याचं काम झालं. मतदानाच्या दिवशी काही जणींना दुप्पट पगारावर दुसऱ्या गावात भांगलणीला बोलावणं आलं, टेम्पोसकट. आम्ही पहाटेच त्यांच्या दारात जाऊन बसलो. लग्न झालेल्या लेकींना फोन करून करून बोलावलं. एक मावशी काठी टेकत आली. शिक्का कुठं मारायचा ते तिनं सुनेकडून आदल्या रात्री तीनदा समजून घेतलं होतं.

आम्ही जिंकलो, दुकान बंद झालं. थोड्याच दिवसांत गोव्याच्या बाटल्या मोटारसायकलवरनं यायला लागल्या, हेही खरंय. पण स्टँडवर आता पोरी एकट्या उतरतात. एवढ्यासाठी मी पुन्हा सह्या मागत फिरेन.

निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका

वरच्या ताईंचं वाचून हेवा वाटला. आमच्याकडं ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच पाहिजे, पण ती कधी होते ते बायकांना कळतच नाही. त्या वर्षी आम्ही तारीख काढून ठेवली आणि सगळ्या जणी गेलो. नवीन दुकान नको हा विषय मांडला, हात वर झाले. अध्यक्ष म्हणाले, ठराव झाला. आम्ही खूश.

पुढं तालुक्याला निवेदन द्यायला नकलेची गरज पडली. नक्कल कन्नडात. आमच्यातल्या बहुतेकींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यानं वाचून दाखवलं : दारू दुकानाच्या विषयावर चर्चा झाली. बस्स, एवढंच. विरोध केला, हात वर केले, काहीच नाही. त्यानंतर आम्ही एक पद्धत ठेवली आहे. इतिवृत्त सभेतच मोठ्यानं वाचून घ्यायचं, मराठीत अर्थ सांगायला लावायचा, आणि त्याशिवाय एकीनंही सही करायची नाही. सीमाभागात सगळ्या गावांनी एवढं तरी करावं.

बेळगाव तालुका, पश्चिम भाग

नियमात शाळा, देऊळ, दवाखाना यांच्यापासून 100 मीटर अंतर सांगितलंय. आमच्या गल्लीत दुकान येणार म्हटल्यावर आम्ही टेप घेऊन मोजलं, शाळेच्या गेटपासून अंतर कमी भरत होतं. तक्रार दिली. मालकानं पुढचं शटर विटा लावून बुजवलं आणि मागच्या बोळात दार काढलं. माणूस चालत जातो त्या वाटेनं मोजलं तर आता अंतर पुरतं. जागा तीच, भिंत तीच, शाळेच्या खिडकीतून दिसणारा बोर्डही तोच.

म्हणून मला मीटरपेक्षा मत महत्त्वाचं वाटतं. मताला मागचं दार काढता येत नाही.

निपाणी

आई विड्या वळायची, मजुरी हजार विड्यांवर. साराईची पाकिटं होती तेव्हा वडील दोन पाकिटं घ्यायचे. पाकिटं बंद झाली, मग नव्वद मिलीचा टेट्रा पॅक आला, तो महाग. आईच्या मजुरीतले जास्त पैसे जायला लागले. सरकारनं एक दारू बंद केली आणि दुसरीचं दुकान दिलं. आईला कुणी विचारलं नाही.

बारमध्ये मॅनेजर आहे, गाव लिहीत नाही

माझंही ऐका. 7 मे 2024 ला बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा, तिन्हीकडं लोकसभेचं मतदान एकाच दिवशी होतं. मतदान संपायच्या आधीचे 48 तास दुकानं बंद असतात. आमचं शटर खाली होतं, तरी आमच्या गावात किराणा दुकानातून दीडपट दरानं माल मिळत होता. परवान्याचं दुकान मतानं बंद करा, माझी हरकत नाही, मी दुसरं काम बघेन. पण किराणातली विक्री, पानटपरीमागची विक्री त्या मतदानात कुठं येते? तीही बंद करायची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहून घ्या. नाहीतर बायकांची मेहनत वाया जाते, हे मी काउंटरमागून रोज बघतोय.

डिसेंबर 2020 ला ग्रामपंचायत सदस्या म्हणून निवडून आले

आमच्या निवडणुकीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून लोकांना वाटतं राजकारण कमी. आमच्या वॉर्डात चिठ्ठ्या वाटल्या जात होत्या. चिठ्ठी दाखवायची, दुकानातून क्वार्टर घ्यायची. दोन्ही पॅनेलच्या चिठ्ठ्या त्याच दुकानात चालायच्या. असं दुकान बंद करायचा ठराव निवडून आलेले सदस्य मनापासून कसे आणतील? म्हणून हा निर्णय सदस्यांकडं नको, गुप्त मतदानानं थेट बायकांकडं हवा.

बैलहोंगल बाजूची, माहेर बेळगाव

जानेवारी 2019 मध्ये चित्रदुर्गहून बंगळूरला बायका दारूबंदीसाठी चालत गेल्या, त्यात मी होते. रायचूरच्या बाया कन्नड बोलायच्या, मी मोडकं. सीमेचा वाद तिथं कुणी काढला नाही. पायाला फोड आले तेव्हा तेल कुणी लावलं ते मला नावानिशी आठवतं. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा मराठी आणि कन्नड बायकांनी एकत्र जाऊन गावाच्या मतदानाची मागणी करायला पाहिजे. वेगवेगळं गेलो तर आम्हाला भाषेवरून बाजूला काढतील.

कडोलीजवळून

चंदगडच्या ताई, तुमच्या मागणी अर्जाचा नमुना इथं टाकाल का? आमच्याकडं तो कायदा नाही हे माहीत आहे. तरी त्याच धर्तीवर यादीवार सह्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा विचार आहे, कन्नड आणि मराठी दोन्हीत.

माहेर खानापूर, सासर चंदगड तालुका

टाकते. मतदार यादीतला अनुक्रमांक प्रत्येक सहीपुढं घाला, नाहीतर पडताळणीत नावं गळतात. अंगठा असेल तिथं साक्षीदार बाईच घ्या. आणि यादीतली वारलेल्यांची नावं आत्तापासूनच कमी करायला लावा, त्याला फार वेळ लागतो.