शेवटचे दोन स्प्रिंकलर वर येतच नाहीत
प्रश्न: दोन रविवार कंबर मोडून चर खणला, पाइप पुरला, हिरवळीसाठी सहा पॉप-अप (पाणी सुटलं की जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर) एकाच लाइनवर बसवले. पहिले चार झकास. शेवटचे दोन जेमतेम बोटभर वर येतात आणि नुसते थुंकतात. पुन्हा खणायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

उत्तर: आधी नळाखाली बादली लावा. १० लिटरची भरायला किती सेकंद लागतात? ३० लागले तर मिनिटाला २० लिटर. सहा नोझलची (स्प्रिंकलरच्या फवारणाऱ्या तोंडांची) मागणी त्याहून जास्त असेल तर शेवटचे उपाशीच राहणार.

उत्तर: नोझल लावण्याआधी पाइप धुतला होता का? मी नव्हता धुतला. पाइप कापताना पडलेला करवतीचा पांढरा भुसा नोझलखालच्या जाळीत अडकला होता.

प्रश्नकर्ता: ४० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. एका नोझलला ५ लागतात. हिशेब आधी करायला हवा होता! जाळीतही चिमूटभर भुसा निघाला.

उत्तर: मग तीन-तीनचे दोन भाग करा, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह, एका वेळी एकच भाग चालू. चर उघडाच आहे तर अंतरही बघून घ्या. एकाचं पाणी शेजारच्याच्या बुडाशी पोचलं पाहिजे, नाहीतर मधे पिवळे चट्टे पडतात.

प्रश्नकर्ता: चर उघडा नाहीये हो. कालच बुजवला.