घरभर डक्टवालं डिह्युमिडिफायर पाणीच काढत नाहीये, गॅस भरू का विकून टाकू?

मेहरूणकर:
मंडळी नमस्कार, जळगावहून लिहितोय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ बारा वर्षं अमेरिकेत होता, दोन वर्षांपूर्वी परत आला तेव्हा कंटेनरमध्ये सामानाबरोबर तिकडच्या घरातलं हवेतली ओल काढणारं डिह्युमिडिफायर पण घेऊन आला, म्हणजे खोलीत ठेवायचं चाकावालं नाही, पोटमाळ्यावर बसवायचं पेटीसारखं, त्याला डक्ट लावून तीन खोल्यांत कोरडी हवा जाते आणि एक सहा इंची पाईप बाहेरची ताजी हवा आत ओढतो. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतं. मागच्या पावसाळ्यात एकदम भारी चाललं, रोज दोन बादल्या पाणी.

यंदा जूनच्या शेवटी झड लागली आणि तेव्हापासून तमाशा सुरू. पंखा चालतो, आवाज येतो, पण पाणी अर्धी बादली सुद्धा नाही. हॉलमधलं आर्द्रतेचं मीटर ७८ टक्के दाखवतं. दहा-बारा मिनिटं झाली की 'टक' असा आवाज होऊन कॉम्प्रेसर बंद, मग अर्ध्या तासाने परत चालू. आईने उन्हाळ्यात केलेल्या बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) डब्यात बुरशी आलीये, त्यामुळे घरात वातावरण काय असेल ते समजून घ्या. कानबाईच्या सणाला पाहुणे येतील ते वेगळंच.

एक मेकॅनिक येऊन गेला, झाकण न उघडता म्हणे गॅस गेला, ६५०० लागतील. भरू का? की विकून टाकू? भाऊ पुण्यात असतो आणि फोनवर फक्त 'मॅन्युअल वाच' म्हणतो.

वांग्याचं_भरीत:
भो, हाई मशीन शे का हत्ती शे 😄 आपल्याकडे मे महिन्यात हवेत ओल यावी म्हणून कूलर लावतो, आणि तुम्ही ओल काढायला यंत्र लावता.

अमळनेरची_लेक:
हसू नका हो, आमचं जुनं घर नदीकडे आहे, श्रावणात भिंतीला हात लावला तर ओला होतो. दादा, गॅसचं नंतर बघा, आधी फुकटातलं करून घ्या. एक, फिल्टर काढून उजेडात धरा, पलीकडचं दिसत नसेल तर धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. दोन, पाणी जातं त्या पाईपला यू आकाराचं वळण असतं ना, त्यात शेवाळ साचतं. आमच्या दुकानातल्या मशीनला तेच झालं होतं, पाणी तयार व्हायचं पण बाहेर पडायचं नाही, मग फ्लोट स्विच (पाणी चढलं की मशीन बंद करणारा) उचलला जाऊन मशीन बंद, आणि आम्ही महिनाभर कॉम्प्रेसरला शिव्या देत होतो. कोमट पाणी आणि थोडं व्हिनेगर ओता, ब्लीचिंगचं पाणी नको, कॉइल अॅल्युमिनियमची असते.

आणि मीटर खरं बोलतंय का ते तपासा. झाकणात चमचाभर मीठ घ्या, नुसतं ओलं होईल एवढं पाणी घाला, विरघळवून टाकू नका, आणि मीटरसकट एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. डब्यातली आर्द्रता ७५ वर येऊन थांबते. मीटर जेवढं जास्त-कमी दाखवेल तेवढी त्याची चूक.

आणि हो, राग मानू नका पण घरात कूलर चालू नाही ना?

मेहरूणकर:
ताई, फिल्टर काढला आणि लाज वाटली, चादरीसारखा थर होता. धुतला. यू पाईपमधून हिरवं बरंच निघालं पण तुंबलेला नव्हता. मिठाच्या डब्यात मीटर ७९ वर थांबलं, म्हणजे ४ जास्त दाखवतंय, म्हणजे घरात खरं ७४ आहे. तरी ७४ म्हणजे काय कमी आहे का.

कूलरचं काय सांगू, आई दुपारी हॉलमधला कूलर लावते, 'पाणी नाही टाकत, नुसता पंखा' असं म्हणते. मी टाकीत हात घालून पाहिला. पाणी होतं.

फिल्टर धुवून दोन दिवस झाले, फरक थोडाच. टक-टक चालूच आहे.

कॉइलवाला:
पाणी नसलं तरी कूलर बंदच ठेवा, तो तासाला हजारो घनमीटर बाहेरची ओली हवा घरात ढकलतो, त्यापुढे कुठलंच मशीन टिकत नाही.

आता गॅसचं. मी भुसावळला फ्रीज-एसीचं काम करतो, वीस वर्षं झाली, म्हणून आमच्याच धंद्यातल्या माणसाविरुद्ध बोलतोय असं समजा, पण झाकण न उघडता गॅस गेला सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. या पेटीत एसीसारखे सर्व्हिस वाल्व नसतात, सिस्टीम सीलबंद असते. गॅस खरंच गेला असेल तर लीक शोधायचा, नायट्रोजन मारून प्रेशर बघायचं, ब्रेझिंग म्हणजे नळीला डाग द्यायचा, मग व्हॅक्यूम, आणि मग काट्यावर तोलून प्लेटवर लिहिलाय तेवढाच गॅस. अमेरिकन मशीन आहे म्हणजे वजन औंसात असेल, एक औंस साधारण २८ ग्रॅम. आणि आर ४१० ए असेल तर बाटलीतून लिक्विडच गेला पाहिजे, तो दोन गॅसचं मिश्रण आहे. हे सगळं न करता 'टॉप अप' केलं तर महिन्याभरात परत तेच.

गॅस आहे की नाही हे झाकण उघडून डोळ्याने कळतं. आधी एमसीबी पाडा, नुसतं बटन नाही, आणि कपॅसिटरला हात लावू नका, लाईट गेल्यावरही त्यात चार्ज राहतो, मला बसलाय एकदा, दोन दिवस कोपर दुखत होतं. झाकण काढून वायरी नीट बघून ठेवा, मग चालू करून पंधरा मिनिटांनी लांबून कॉइल बघा. पूर्ण कॉइल सारखी ओली असेल, पाणी टपकत असेल तर गॅस ठीक. फक्त पहिल्या दोन-तीन नळ्यांवर बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी. सगळ्या कॉइलवर बर्फ असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणारा, सेन्सर बिघडलाय.

दुसरं, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. या मशीनमध्ये थंड कॉइलच्या मागेच गरम कॉइल असते, त्यामुळे बाहेर येणारी हवा गरमच लागते, बरेच लोक एसीसारखी गार हवा नाही म्हणून मशीन बिघडलं समजतात. गरम येतेय म्हणजे काम चालू आहे.

कपॅसिटर मीटरवर मोजून घ्या, क्लॅम्प मीटरने अँपिअर बघा, आणि ट्रान्सफॉर्मरमधून नेमके किती व्होल्ट येतात तेही सांगा, शक्यतो रात्रीचे पण. ताज्या हवेच्या पाईपला मोटारवालं झडप आहे का?

मेहरूणकर:
वायरमन मित्राला बोलावून सगळं केलं, रविवार गेला. कॉइल पूर्ण ओली, बर्फ नाही. आत जाणारी हवा ३० डिग्री, बाहेर पडणारी ३९. कपॅसिटरवर ४५ मायक्रोफॅरड लिहिलंय, भरला साडेत्रेचाळीस. अँपिअर प्लेटवर ६.९ आहे आणि चालताना ८ च्या वर जातंय. बंद पडल्यावर कॉम्प्रेसरच्या अंगाला हात लावता येत नाही इतका तापलेला असतो. ट्रान्सफॉर्मरमधून दुपारी ११०, रात्री अकरानंतर १२१. झडप आहे, डक्टच्या आत, अजून बघितलं नाही, तिथे रांगत जावं लागतं.

कॉइलवाला:
६५०० वाचले. गॅस आहे, कपॅसिटर चांगला आहे. कॉम्प्रेसर तापून त्याचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापला की वीज तोडणारा स्विच, सुटतोय, तो 'टक' आवाज तोच. पाणी कमी याचं कारण मशीन अर्धा वेळ बंदच असतं. आता का तापतंय ते शोधायचं.

लळिंगचा_वारा:
धुळेकर इथे, इन्स्ट्रुमेंटेशनवाला. प्लेटवर ११५ व्होल्टच्या पुढे ६० हर्ट्झ लिहिलं असेल बघा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ नाही, ते आपल्याकडचे ५०च राहतात. ६० च्या हिशोबाने गुंडाळलेली मोटर ५० वर चालवली की वेग साधारण १७ टक्के पडतो, पंख्याची हवाही तेवढी कमी, आणि व्होल्ट तेवढेच ठेवले तर मोटरचा लोखंडी गाभा सॅच्युरेट व्हायला लागतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, करंट वाढतो, तापते. व्होल्ट आणि हर्ट्झचं गुणोत्तर सारखं राहायला हवं. ११५ भागिले ६० गुणिले ५० करा, ९६ येतात. म्हणजे तुमच्या मशीनला इथे ९६ च्या आसपास हवेत आणि रात्री १२१ मिळतायत, सव्वापट! मागच्या वर्षी चाललं हे नशीब.

बाजारात १०० व्होल्टचा टॅप (वेगळं आउटपुट) असलेला ट्रान्सफॉर्मर मिळतो, जपानी मशीनसाठी लोक घेतात, नाहीतर वाइंडिंगवाल्याकडून बनवून घ्या. क्षमता २ केव्हीएच्या खाली नको, कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो. पुढे स्टॅबिलायझर लावला तर उत्तम.

पण फक्त यामुळे यंदाच बिघडलं असं मला वाटत नाही, व्होल्टेज मागच्या वर्षीही असंच असणार. ती झडप बघाच. हिशोब सांगतो, बाहेर २८ डिग्री आणि ८५ टक्के, घरात २८ आणि ५० ठेवायचंय, तर तासाला १०० घनमीटर बाहेरची हवा आत आली की तिच्याबरोबर जवळजवळ लिटरभर जादा पाणी येतं. दिवसाला २४ लिटर! सहा इंची पाईपमधून १०० घनमीटर ही काही मोठी गोष्ट नाही. तुमचं मशीन ९० पिंटचं असेल तर दिवसाला ४२ लिटर, तेही त्यांच्याकडच्या चाचणीत, इथे ५० हर्ट्झवर त्याहून कमीच. म्हणजे अर्ध्याहून जास्त ताकद बाहेरून आलेलं पाणी काढण्यातच जाणार.

आणि आत जाणारी हवा जितकी ओली तितका कॉम्प्रेसरवर लोड जास्त. दोन्ही गोष्टी एकावर एक बसल्या की टक.

केळीबाग_रावेर:
मी म्हणतो एवढा उपद्व्याप कशाला. ते विका, २३० व्होल्टचं खोलीत ठेवायचं घ्या, दोन घेतली तरी चालतील, पार्ट तरी मिळतात. नाहीतर एसीचा ड्राय मोड लावा.

अमळनेरची_लेक:
ड्राय मोडने खोली गारठते आणि गारठली की एसी थांबतो, ओल तशीच. झडीच्या दिवसांत बाहेर २५-२६ असतं तेव्हा एसी किती वेळ चालणार? बाकी पार्टचं तुमचं खरं आहे, याचा कॉम्प्रेसर जळला तर मग मात्र जीव लावू नये.

कॉइलवाला:
ताईंशी सहमत. चालतं मशीन विकायचं नाही आणि जळालेलं दुरुस्त करायचं नाही.

मेहरूणकर:
सापडलं!! लिहायलाच उशीर झाला कारण दोन दिवस हसतोय. काल पोटमाळ्यावर रांगत गेलो, डक्टची क्लिप सोडली, झडपेच्या पात्यात पाल अडकून वाळलेली. झडप मोटरने उघडते आणि स्प्रिंगने बंद होते, भावाने टायमर तासाला दहा मिनिटं ठेवलाय, पण पाल मध्ये असल्यामुळे बंद होतच नव्हती, म्हणजे महिनाभर चोवीस तास बाहेरची हवा आत. बाहेरच्या तोंडाची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती, तिथून शिरली असणार. पाल काढली, पातं पुसलं, जाळी बदलली आणि तूर्त टायमर पूर्ण बंद ठेवलाय.

लळिंगचा_वारा:
वा! टायमर कायमचा बंद नका ठेवू, सगळी दारं-खिडक्या लावून बसता तर ताजी हवा लागतेच, माणसं जास्त असतील तेव्हा थोडा वेळ सोडा. दिवाळीनंतर मोकळा ठेवा. एप्रिल-मेमध्ये तर मशीनच बंद, तेव्हा आपल्याकडची हवा कागदासारखी कोरडी असते.

मेहरूणकर:
अपडेट. पहिले दोन दिवस अडीच-अडीच बादल्या पाणी निघालं, भिंती-गाद्यांमधलं पण बाहेर आलं असेल. पाचव्या दिवशी एकच बादली, मी घाबरलो, पण मीटर ५९ वर, म्हणजे खरं ५५, तेव्हा कळलं की काढायला पाणीच उरलं नाहीये. दिवसा टक नाही. रात्री अजून एक-दोनदा होतं म्हणून रात्री बंद ठेवतो. एमआयडीसीत एका वाइंडिंगवाल्याला १०० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर दिलीये, तो आधी म्हणाला '११० च चालतं सगळ्यांचं', मग ९६ चा हिशोब कागदावर दाखवला तेव्हा गप्प बसला.

एक तक्रार राहिलीच, पोटमाळ्याखालची खोली गरम होते.

कॉइलवाला:
होणारच. एक लिटर वाफेचं पाणी झालं की साधारण दोन तृतीयांश युनिट उष्णता हवेत सुटते, वर कॉम्प्रेसरची वीज. त्याला इलाज नाही, कोरडी गरम हवा पंख्याखाली ओल्या गार हवेपेक्षा बरी वाटते एवढंच.

वांग्याचं_भरीत:
भो, ते बादलीभर पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालतं का? डिस्टिल्डच झालं ना ते.

कॉइलवाला:
नाही!! तांब्या-अॅल्युमिनियमच्या कॉइलवरून, धुळीवरून, शेवाळाच्या पाईपमधून आलेलं पाणी आहे ते. फरशी पुसा, कुंड्यांना घाला. बॅटरीत नाही.

मेहरूणकर:
हे आधी सांगायचं होतं. आईने परवाच टाकलं.