युरोपचे वाहन-नियम जसेच्या तसे उचलले तर बिघडतं कुठे?

चाकोरी (प्रश्न)
मंडळी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला विषय घेतलाय: विकसनशील देशांत वाहनांची सुरक्षा आणि प्रदूषण मानकं एकसारखी करणं. घेताना सोपा वाटला. जिनिव्हात वाहनांचे नियम ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा डब्ल्यूपी.२९ नावाचा मंच आहे, १९५८ चा करार आहे, ब्रेकपासून सीटबेल्टपर्यंत दीडशेहून जास्त नियम तयार आहेत. ज्या देशाकडे चाचणीची सोय नाही त्याने ते उचलावेत आणि मोकळं व्हावं. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग अजून सगळ्यांनी का नाही उचलले?" आणि हसले. त्या हसण्याचं उत्तर हवंय. शिवाय १९५८ चा एक आणि १९९८ चा एक, असे दोन करार कशाला?

जुना डिपर
हेडलाइटच्या धंद्यात बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी मंजुरीच्या फायलींत. त्यामुळे दिव्यांवरूनच सांगतो.

१९५८ च्या करारात गाडी किंवा सुटा भाग विक्रीला येण्याआधी सरकारने नेमलेली यंत्रणा तपासते. एका देशाने शिक्का दिला की तोच नियम लावणारे बाकीचे देश तो मान्य करतात, पुन्हा चाचणी नाही. अमेरिकेची रीत उलटी. तिथे कंपनी स्वतःच लिहून देते की माल नियमात बसतो, आणि सरकार नंतर बाजारातून नमुना उचलून तपासतं. ही रीत ५८ च्या चौकटीत बसेना, म्हणून ९८ चा करार आला: तांत्रिक नियम एकत्र बनवू, मंजुरी ज्याची त्याने द्यावी. अमेरिका, चीन, भारत हे ९८ मध्ये आहेत, ५८ मध्ये नाहीत. परिणाम काय? माझ्या टेबलावर एकाच दिव्याच्या दोन फायली. युरोपी डिपरचा झोत वरून सुरीने कापल्यासारखा असतो. अमेरिकी झोतात थोडा उजेड मुद्दाम वर जातो, रस्त्यावर टांगलेल्या पाट्या दिसाव्यात म्हणून. चूक कोणाचीच नाही. पण एकसारखं करायचं म्हणजे कोणीतरी आपली सवय सोडायची, आणि तिथे बैठका वर्षानुवर्षं लांबतात.

आता सरांचं हसणं. करारावर सही केली म्हणजे सगळे नियम लागू झाले असं नसतं. कोणते लावायचे ते देश निवडतो, एकही न लावता सभासद राहता येतं. २०१७ मध्ये करार सुधारला तेव्हा एक नवी वाट ठेवली: नियमाच्या जुन्या आवृत्तीनुसारही मंजुरी देता येते. ज्यांचे कारखाने एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारू शकत नाहीत त्यांच्यासाठी. मला ही तरतूद आवडते. पहिल्या पायरीवरच ठाण मांडून बसणारेही निघतील, हे खरं. तरी दार बंद असण्यापेक्षा बरं.

खरी गोची जुन्या गाड्यांची. युरोप, जपान आणि अमेरिकेतून २०१५ ते २०१८ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या बाहेर गेल्या, त्यातल्या सर्वात जास्त, सुमारे ४० टक्के, आफ्रिकेत. या गाड्या तयार झाल्या तेव्हा नियमात बसत होत्या. पण डिपरचा झोत रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडा वर चढलेला असतो. डावीकडून चालणाऱ्या देशातली गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशात गेली की तोच चढलेला भाग समोरच्याच्या डोळ्यांत. शिक्का अस्सल, दिवा निर्दोष, आणि समोरचा ड्रायव्हर आंधळा.

तेलकट
वरचं सगळं ठीक, पण धुराचं कोणी बोलेना. मी रिफायनरीतला. युरो ४, ५, ६ या युरोपच्या धुराच्या नियमांच्या चढत्या पायऱ्या. युरो ४ गाडीला इंधनातलं गंधक दशलक्षात ५० भागांपर्यंत चालतं, युरो ५ आणि ६ ला १०. याच्या कित्येक पट गंधक असलेलं डिझेल ओतलं तर ते धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमधल्या कॅटॅलिस्टच्या धातूवर चढून बसतं आणि महागडा कन्व्हर्टर नुसता डबा होतो. नियम गाडीवर छापता येतो. रिफायनरीत गंधक काढायचं युनिट उभं करायला वर्षं लागतात, आणि कर्ज. शिसं तर कॅटॅलिस्टला पार मारूनच टाकतं. शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. पश्चिम आफ्रिकेतल्या इकोवास गटाने २०२० मध्ये गाडी आणि इंधन दोन्हींची मर्यादा एकत्र ठरवली: युरो ४ आणि ५० भाग गंधक, जानेवारी २०२१ पासून. अंमल हा वेगळा विषय, पण जोडी बरोबर लावली.

हिशेबी
हे सगळं श्रीमंतांचं. एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) घातलं की गाडी महागणार, आणि लोक पुन्हा मोटरसायकलवर चौघं बसणार. ते सुरक्षित आहे का?

जुना डिपर
हिशेबी, मोटरसायकलचा मुद्दा मान्य, तो खोडून काढता येत नाही. पण २०१६ ची एक टक्कर बघा. एकाच कंपनीच्या दोन छोट्या गाड्या, एक मेक्सिकोत विकली जाणारी, एक अमेरिकेत, समोरासमोर आदळवल्या. मेक्सिकोतल्या गाडीत ड्रायव्हरची जागाच उरली नाही. दुसरीतला बहुधा स्वतःच्या पायांनी उतरला असता. बनवणाऱ्याला येत नव्हतं असं नाही. एका बाजारात नियमाने मागितलं, दुसऱ्यात मागितलं नाही. म्हणून निदान समोरची आणि बाजूची धडक, सीटबेल्टचे अँकर आणि ईएससी एवढं तरी सगळीकडे एकाच मापाने मागावं, असं माझं मत.

चाकोरी, सेमिनारला करार आधी घेऊ नका. दिवा घ्या. युरोपी पद्धतीच्या हेडलाइटच्या काचेवर वर्तुळात ई आणि एक आकडा असतो. तो मंजुरी देणाऱ्या देशाचा, बनवणाऱ्याचा नव्हे. ४३ जपान, ४७ दक्षिण आफ्रिका, ५२ मलेशिया. जवळ बाण आहे का तेही बघा.

चाकोरी
आत्ता खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात बघून आलो. ई, ५३. आणि दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे जाणारा बाण.

जुना डिपर
५३ म्हणजे थायलंड. बाण गाडीच्या डाव्या हाताला, म्हणजे फक्त डावीकडून चालण्यासाठी. दोन्ही टोकांना बाण असता तर दिवा दोन्हीकडे चालला असता. बाण नसताच तर फक्त उजवीकडच्या देशांसाठी.