सीओओच्या खुर्चीतून वर्गात: पीएचडी नसेल तर कुठून शिरायचं?

प्रश्न (रुग्णालय_पुणे): एमबीबीएस, नंतर हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये एमबीए. एकूण अनुभव 17 वर्षं, सध्या 200 खाटांच्या रुग्णालयात सीओओ (रोजचं कामकाज पाहणारा मुख्य अधिकारी). पूर्णवेळ शिकवण्याकडे वळायचंय. पीएचडी नाही, नेट-सेटही (सहायक प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) नाही. प्रवेश कुठून मिळेल? पहिल्या सत्राआधी तयारी काय करू?

फाइलवाला: थेट प्रोफेसरपदाचा विचार सोडा. अनुभव कितीही असो, नियमित प्रोफेसरपदाला पीएचडी लागतेच. तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 ची 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' योजना. किमान 15 वर्षांचा अनुभव, शक्यतो वरिष्ठ पदावरचा. पदव्यांची सक्ती नाही. पण मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका करता येतात. सुरुवात एका वर्षापर्यंतच्या करारानं, एकूण मुदत 3 वर्षं, अपवाद म्हणून 4. म्हणजे ही कायमची नोकरी नव्हे.

यात एक मेख आहे. अध्यापनाच्या पदावर असलेल्यांना किंवा त्या पदावरून निवृत्त झालेल्यांना ही योजना लागू नाही. घाईनं एखाद्या कॉलेजात पूर्णवेळ शिक्षक म्हणून रुजू झालात, तर हे दार बंद. म्हणून क्रम आधी ठरवा.

पुढे टिकायचं असेल तर सेट द्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पेपर 1 मध्ये 50 प्रश्न, पेपर 2 मध्ये 100. मॅनेजमेंट विषयात रुग्णालय जवळपास नसतंच. फायनान्स, मार्केटिंग, संख्याशास्त्र नव्यानं वाचावं लागतं. डॉक्टर मंडळी अडकतात ती इथे.

खाट_क्र_12: नेमणुकीचं वर आलंच आहे. वर्गातली चूक वेगळी असते: अधिकारी निर्णय सांगतात, त्यामागची आकडेमोड फळ्यावर येतच नाही. मुलं 'सर, छान किस्सा' म्हणतात आणि परीक्षेत कोरी राहतात.

त्यापेक्षा एका डिस्चार्जच्या वेळा द्या. डॉक्टरांनी सुट्टी सांगितली 10:00. समरी (उपचारांचा सारांश, डिस्चार्ज कार्ड) तयार 12:10. उरलेली औषधं परत 12:40. अंतिम बिल 1:15. टीपीएला (विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणारी संस्था) विनंती पोचली 1:30. मंजुरी 4:10. खाट रिकामी 5:00. आता विचारा, उशीर कोणामुळे?

बहुतेक जण टीपीएकडे बोट दाखवतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार अंतिम मंजुरीसाठी विनंती मिळाल्यापासून 3 तास. इथे लागले 2 तास 40 मिनिटं, म्हणजे मुदतीत. विनंती जाण्याआधीचे साडेतीन तास मात्र रुग्णालयाचेच, आणि त्यातले 2 तास 10 मिनिटं एकट्या समरीत गेले. समरी आदल्या संध्याकाळी का झाली नाही, यावर पुढचा तास सहज निघतो. एनएबीएचचे (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारं मंडळ) निर्देशक त्यानंतर काढा. आधी व्याख्या लिहून दिल्या की त्या पाठ होतात, बस्स.

परीक्षा_विभाग: वरचं उदाहरण उत्तम, पण खरा डेटा वापरताना जपा. नाव पुसलं म्हणून रुग्ण ओळखू येत नाही असं नाही. दुर्मिळ आजार, तारीख आणि वॉर्ड जुळले की ओळख पटते. तारखा सरकवा, वयाचे गट करा. टीपीएचे दरकरार, पगारपत्रकं तर वर्गात नेऊच नका. आधीच्या नोकरीतला गोपनीयतेचा करार राजीनाम्यानंतरही बहुधा लागू असतो.

आणि हो, कागदकाम. 3 क्रेडिटचा विषय म्हणजे 45 तास. सत्राआधी त्याची तासवार योजना, कोर्स आउटकम (विषय संपल्यावर मुलांना काय यायला हवं ते) आणि कोणता प्रश्न कोणत्या आउटकमसाठी याचा तक्ता मागतील. त्या 45 पैकी 6 तास मोकळे ठेवा. अंतर्गत परीक्षा आणि सणांच्या सुट्ट्या ते खातात.

रुग्णालय_पुणे: धन्यवाद. नोकरीत असतानाच पाहुणे व्याख्याता म्हणून सुरू केलं तर?

फाइलवाला: करा, पण आधी नेमणूकपत्र वाचा. बाहेर कुठेही काम न करण्याचं कलम त्यात बहुतेक असतंच. लेखी परवानगी घ्या, आणि संस्थेच्या पत्रात 'तासिका तत्त्वावर, पाहुणे व्याख्याता' असा स्पष्ट उल्लेख करून घ्या.