फिरायला आवडतं पण खरं सुख घरी परतल्यावरच वाटतं, तुमचंही असं होतं का?

खिडकीची सीट:

बरेच दिवस मनात होतं म्हणून विचारतेय. मला फिरायला मनापासून आवडतं. नकाशे बघत बसणं, तिकिटं काढणं, राहायची जागा शोधणं, हे सगळं मी आनंदाने करते. पण प्रत्यक्ष निघालं की सुरुवातीचे दिवस नुसते दगदगीत जातात, बॅगा सांभाळा, रांगेत उभे राहा, बसून बसून पाठ धरते, नव्या जागी रात्रभर कूस बदलत पडायचं, तिथलं पाणी सोसेल का ही धास्ती, मोबाइलचं चार्जिंग पुरेल का ही वेगळी धास्ती. मग कुठे जरा रुळावं तर परतीची तारीख समोर. आणि घरी येऊन दार उघडलं, चपला काढल्या, आपल्या पलंगावर अंग टाकलं की जे काही वाटतं ना, ते अख्ख्या ट्रिपमध्ये वाटलेलं नसतं.

घरचे म्हणतात मग जातेस कशाला. आणि मला ते पटत नाही, कारण बरेच महिने कुठे गेले नाही की मला करमत नाही, घरातलं सगळं दिसेनासं होतं म्हणा किंवा नको नको वाटतं म्हणा.

तर दोन गोष्टी सांगा. तुमचंही असं होतं का, आणि ही दगदग कमी करायला तुम्ही नक्की काय करता. छान विचार करा, मजा घ्या वगैरे नको, खरोखर उपयोगी पडलेलं सांगा.

रात्रीची गाडी:

अगदी असंच होतं. आणि ह्यात तुमचं काही चुकत नाहीये, हे आधी सांगतो, कारण घरचे "मग जातेस कशाला" म्हणाले की माणसाला उगाच अपराधी वाटायला लागतं.

नव्या जागी झोप न लागण्याचंच बघा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी ह्यावर काम केलं होतं. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो, म्हणजे अर्धा मेंदू पहाऱ्यावरच असतो असं त्यांना दिसलं, आणि त्या वेळी झोपलेल्या माणसाच्या उजव्या कानात बारीक आवाज केला (उजवा कान मुख्यतः डाव्या मेंदूशी जोडलेला असतो) तर तो जास्त पटकन जागा व्हायचा. नंतरच्या रात्री तोच माणूस तिथेच झोपला तर हा फरक गेलेला होता. म्हणजे पहिली रात्र बऱ्याच जणांची अशी जाते. मला हे कळल्यापासून एक फायदा झाला, मी पहिल्या रात्रीकडून काही अपेक्षाच ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरचं काही ठरवत नाही, आणि एका ट्रिपमध्ये जागा बदलणं कमीत कमी ठेवतो. रोज नवं हॉटेल म्हणजे रोज पहिली रात्र, मग माणूस दमणार नाही तर काय. चार गावं पळत पळत बघण्यापेक्षा एकाच ठिकाणी मुक्काम करून तिथून आसपास फिरून रात्री त्याच खोलीत परत यायचं, ह्याने माझी निम्मी दगदग कमी झाली असेल.

आता "प्लॅनिंग करताना मजा येते" ह्याबद्दल. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या दीड हजाराहून जास्त लोकांचा अभ्यास आला होता, त्यात सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते, पण जायच्या आधी! आल्यावर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता, फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांना थोडा काळ नंतरही बरं वाटत होतं. म्हणजे तुम्ही नकाशा उघडून बसता तेव्हाच ट्रिप सुरू झालेली असते, तो वेळ ट्रिपमध्येच धरा. मी तर पुढचं तिकीट शक्य तितकं आधी काढून ठेवतो ते ह्याच्यासाठीच.

आणि घराचं म्हणाल तर वासाचं बघा. आपल्या घराला स्वतःचा एक वास असतो आणि तो आपल्याला एरवी येतच नाही, कारण नाक सतत असलेल्या वासाची दखल घेणं थांबवतं. बाहेर राहून आलं की दार उघडल्या उघडल्या थोडा वेळ तो येतो आणि मग पुन्हा गायब. तुम्ही जे लिहिलंय ना, की कुठे गेले नाही की घरातलं दिसेनासं होतं, ते नुसतं मनाचं नाही, शरीराचंसुद्धा तसंच आहे. जायचं कशाला ह्याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

चाकांची बॅग:

कामासाठी सतत फिरावं लागतं म्हणून माझा अनुभव जरा वेगळा. मला वाटतं दमवतो तो प्रवास नाही, दमवतं ते सतत ठरवत राहणं. कुठून वळायचं, कुठे खायचं, ह्या माणसावर विश्वास ठेवायचा का, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो, दिव्याचं बटण कुठे आहे. घरी ह्यातलं काहीच ठरवावं लागत नाही, अंधारात हात आपोआप बटणावर जातो. घराचं सुख हे एवढंच आहे आणि ते खूप मोठं आहे.

म्हणून मी निघायच्या आधी जितकं ठरवून टाकता येईल तितकं टाकतो. बॅगेत प्रत्येक गोष्टीची जागा कायमची एकच. टूथब्रश, चार्जर, औषधं ह्यांचा वेगळा जोड बॅगेतच असतो, तो घरी आल्यावर बाहेर निघतच नाही. पोचल्यावर स्टेशनपासून किंवा विमानतळापासून खोलीपर्यंत कसं जायचं ते आधीच ठरलेलं, आणि पत्ता कागदावर लिहिलेला, कारण फोन नेमका तेव्हाच मान टाकतो. बाकी दिवसभर कसंही भटका, पण हा पहिला टप्पा पक्का हवा.

विमानाने जात असाल तर थोडं अजून. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंतची विनापरवानगी नेता येते (२०,००० एमएएचवाली बहुतेक ७४ च्या आसपास भरते). पासपोर्टची मुदत बघा, बरेच देश अजून सहा महिने बाकी असायला हवेत म्हणतात. औषधं आणि एक कपड्यांचा जोड कायम स्वतःजवळ. आणि बॅग नाही आली किंवा फुटून आली तर विमानतळावरून बाहेर पडायच्या आधीच तक्रार लिहून पावती घ्यायची, हे फार म्हणजे फार महत्त्वाचं आहे. माझी बॅग एकदा आलीच नव्हती आणि काउंटरवरचा माणूस नुसतं "फोन करून कळवू" म्हणत होता, मी लेखी घेतल्याशिवाय हललो नाही म्हणून पुढे पैसे मिळाले. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो (बहुतेक देश त्यात आहेत), त्याप्रमाणे सामान खराब झालं तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं तर हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आणि २१ दिवसांत आलीच नाही तर बॅग हरवली असं धरून भरपाई मागता येते. दरम्यान जे कपडे, साबण वगैरे घ्यावं लागलं त्याच्या पावत्या जपून ठेवा.

अजून एक, ज्यांना बॅगेचा वैताग येतो त्यांच्यासाठी. चाकांच्या बॅगेचं सगळ्यात गाजलेलं पेटंट अमेरिकेत मिळालं १९७२ मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर! आणि आपण आज वापरतो ती उभी, लांब दांड्याची बॅग एका वैमानिकाने बनवली १९८७ मध्ये. चाकं येण्याआधीची बहुतेक माणसं सगळं हातात उचलून फिरली आणि तरी फिरली. मला ह्याचं फार कौतुक वाटतं.

घरीच असते:

सगळं वाचलं. एक बाजू राहतेय म्हणून लिहिते.

माझ्या घरी आजारी माणूस आहे त्यामुळे गेली काही वर्षं मी कुठे जाऊ शकलेले नाही. घरातले बाकीचे जातात, त्यांनी जावं असं मलाही वाटतं. ते परत येतात तेव्हा हेच म्हणतात, आहाहा, घर ते घर. आणि तेव्हा मला दर वेळी वाटतं की ते घर तसं आपोआप नसतं हो. चादर धुतलेली असते, पाणी भरलेलं असतं, झाडं जिवंत असतात, कारण कोणीतरी मागे राहून ते केलेलं असतं. आल्यावर बॅग उघडून मळके कपडे मशीनपाशी टाकले जातात तिथे ट्रिप संपते त्यांची, माझं काम तिथून सुरू होतं. तक्रार म्हणून नाही लिहीत, पण घराचं कौतुक करताना ते ठेवणाऱ्याचं नाव घ्या इतकंच म्हणणं आहे. आणि जमलं तर आल्यावर आपली बॅग आपण रिकामी करा.

दुसरं, घरात सतत असणाऱ्यालाही घर दिसेनासं होतं, पण त्यासाठी लांबच जायला लागतं असं नाही. मला आठवड्यात थोडा वेळ सुटका मिळते, कोणीतरी येऊन बसतं, तेव्हा मी चालायला जाते, ओळखीच्या रस्त्याने न जाता मुद्दाम दुसऱ्या. तासाभराने परत येते तेव्हा घर वेगळं वाटतं. खोटं नाही सांगत.

रात्रीची गाडी:

@घरीच असते, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी वर वासावर इतकं लिहिलं आणि ते घर माझ्यासाठी कोण उघडं ठेवतं, हवेशीर ठेवतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

खिडकीची सीट:

सगळ्यांचे आभार. "सतत ठरवत राहणं दमवतं" हे एकदम पटलं, माझ्या बाबतीत हेच होतंय. @घरीच असते, माझ्या सासूबाई मागे राहतात दर वेळी, आज त्यांच्याशी बोलले ह्यावर. त्यांना सांगायचं होतं खूप, कोणी विचारलं नव्हतं.

अजून एक विचारायचं होतं. आमच्या घरी मागे कोणीच नसेल अशी वेळ पुढच्या वेळी येणार आहे, सासूबाईपण येतायत ह्यावेळी, आणि थोडं लांब जातोय, वेळेत सहा-सात तासांचा फरक आहे. तर घर बंद करून जाताना काय काय बघायचं? आणि त्यांचं वय बघता प्रवासात काय काळजी घ्यायची?

नळ बंद केला का:

अरे वा, सासूबाई येतायत हे वाचून छान वाटलं.

घराचं आधी. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, गॅस बंद, फ्रिज सोडून बाकीचे प्लग काढलेले. फ्रिज चालू ठेवणार असाल तर एक जुनी युक्ती, फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून जा. आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे वीज बराच वेळ गेलेली होती, आतलं सगळं टाकून द्या. दुसरं, खूप दिवस घर बंद राहिलं की न्हाणीघरात गटाराचा वास का येतो तर जाळीखालच्या वळणात जे पाणी साठून राहतं तेच तो वास अडवत असतं, आणि ते वापर नसला की उडून जातं. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, आल्यावर वास आलाच तर पुन्हा ओता, बाकी काही करावं लागत नाही. किल्लीचा एक जोड विश्वासातल्या माणसाकडे. आणि पलंगावर स्वच्छ चादर घालूनच बाहेर पडा, मध्यरात्री परत आल्यावर ह्याची किंमत कळते.

आता सासूबाईंचं. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे, हे विमानाइतकंच बस, गाडी, रेल्वेलाही लागू. घाबरू नका, निरोगी माणसात तरीही तो साधारण ६,००० त १ इतकाच असतो, पण वय, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आधी कधी गुठळी झालेली असणं ह्याने वाढतो, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा. कडेची सीट घ्या म्हणजे उठायला संकोच वाटणार नाही, मधून मधून चालवा, बसल्या बसल्या घोटे वरखाली करायला सांगा. विमानात हवा फार कोरडी असते आणि आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या डोंगरावर असावा तितकाच ठेवतात, त्यामुळे हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. उतरताना कान दुखले तर आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, आणि त्या वेळी झोपू द्यायचं नाही.

वेळेच्या फरकाचं असं आहे की पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं, पश्चिमेकडे कमी. आपल्या शरीराचं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं (जे पश्चिमेकडे गेल्यावर करावं लागतं) त्याला जमतं, लवकर झोपणं (जे पूर्वेकडे लागतं) तितकं नाही. ढोबळमानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस धरा. तुम्ही कुठल्या दिशेला चाललाय ते लिहिलं नाहीत म्हणून दोन्ही सांगतो. पूर्वेला जाताय तर निघायच्या आधी काही दिवस रोज थोडं लवकर झोपा, लवकर उठा. पश्चिमेला जाताय तर पोचल्यावर संध्याकाळी बाहेर उजेडात राहा, लगेच आडवे होऊ नका. दुपारी डुलकी लागली तर अर्ध्या तासाच्या आत उठवा.

आणि परत आल्याचा दुसरा दिवस सगळ्यांनी मोकळा ठेवा, सुट्टी एक दिवस कमी झाली तरी चालेल. कपडे त्या दिवशी धुवायचे, आणि ते सासूबाईंनी नाही.